प्रेस पुन्हा खाली का आला? रबाळ्यातील एका अपघाताची चौकशी

पार्श्वभूमी

हे प्रकरण नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले, रबाळ्याच्या बाजूचे आहे. कारखाना आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. यंत्र, त्यातला बिघाड आणि घेतलेले निर्णय यांना हात लावलेला नाही.

कारखाना पत्र्याचे सुटे भाग बनवतो: इलेक्ट्रिकल पॅनेलचे ब्रॅकेट, बिजागऱ्या, क्लिपा, अर्थिंगच्या पट्ट्या. माणसे शंभराच्या आत. त्यातली निम्म्याहून जास्त कॉन्ट्रॅक्टरची, दिघा, घणसोली, कळवा इकडून येणारी. प्रेस शॉपमध्ये दहा टनांपासून शंभर टनांपर्यंतचे पॉवर प्रेस होते. बरेचसे सेकंडहँड घेतलेले आणि सगळेच की-क्लचचे.

पुढचे सगळे या क्लचवर अवलंबून आहे, म्हणून तो आधी समजून घेऊ. प्रेसचे फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, सतत फिरत असते. ऑपरेटरने पेडल दाबले की क्लचची चावी फ्लायव्हीलच्या खाचेत बसते आणि क्रँक त्याच्याबरोबर एक पूर्ण फेरी मारतो. रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, खाली येतो, पीस कापतो किंवा वाकवतो आणि वर जातो. वर पोचता पोचता लॅच चावीला खाचेतून बाहेर काढते आणि ब्रेक क्रँकला वरच धरून ठेवतो. चावी एकदा बसली की फेरी पुरी होईपर्यंत प्रेस कोणालाही थांबवता येत नाही. पेडल सोडा, मोटर बंद करा, रॅम खाली येणारच.

तेव्हाच्या कारखाने अधिनियमानुसार हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमावा लागे. इथे तो प्रश्नच नव्हता. ‘सेफ्टी’ नावाची फाइल क्वालिटी मॅनेजरच्या कपाटात होती. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, शपथ घेऊन फोटो काढले की ती पुन्हा कपाटात जायची. बहुतेक लहान कारखान्यांत असेच असते. त्या मॅनेजरने पुढे जे केले ते पाहता त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मला बाहेरचा सल्लागार म्हणून बोलावले गेले तेव्हा पहिला अहवाल लिहून झालेला होता.

अपघात

दुसरी शिफ्ट संपत आली होती. पन्नास टनी प्रेसवर एका छोट्या ब्रॅकेटचे बेंडिंग चालू होते. ब्लँक, म्हणजे कापलेला सपाट तुकडा, हाताने डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवायचा, पेडल मारायचे, वाकलेला पीस हाताने काढून क्रेटमध्ये टाकायचा. ऑपरेटर तिशीच्या आतला, कॉन्ट्रॅक्टरकडचा, प्रेसवर तीनेक वर्षे काम केलेला. एक पीस पंचाला, म्हणजे साच्याच्या वरच्या भागाला, चिकटून वर गेला. तो काढायला त्याने उजवा हात आत घातला आणि रॅम पुन्हा खाली आला. तर्जनीची दोन पेरे आणि मधल्या बोटाचे एक पेर गेले.

शेजारच्या प्रेसवरच्या दोघांनी त्याला रिक्षात घालून जवळच्या खासगी रुग्णालयात नेले. तुटलेला भाग कोणीतरी सरबताच्या गाडीवरच्या बर्फात थेट टाकून मागून पाठवला. बोटे चेचली गेल्यामुळे ती जोडण्याची आशा तशीही कमीच होती. पण हे कारखान्यात कोणाला तरी माहीत असायला हवे होते. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बर्फाचा थेट स्पर्श झाला की पेशी मरतात.

पहिला अहवाल

ऑपरेटर शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतानाच शिफ्ट सुपरवायझरने अहवाल लिहिला. तो दोन वाक्यांचा होता: ‘कामगाराने पेडलवरून पाय न काढल्यामुळे व निष्काळजीपणे डायमध्ये हात घातल्यामुळे अपघात झाला. सर्व कामगारांना काळजी घेण्याची सक्त सूचना देण्यात आली आहे.’

सुपरवायझर खोटे बोलत नव्हता. प्रेस पुन्हा आला म्हणजे पाय पेडलवर असणार, हे प्रेस शॉपमधले सर्वमान्य उत्तर होते आणि त्याने ते लिहून टाकले. हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकी विमा तज्ज्ञाने १९३१ च्या आपल्या पुस्तकात ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्याने होतात असे लिहिले आणि तो आकडा आजही सुरक्षेच्या वर्गांत फळ्यावर लिहिला जातो. ज्या अपघात-नोंदींवरून त्याने तो काढला, त्यांतल्या पुष्कळशा अशाच सुपरवायझरांच्या हातच्या होत्या. ‘कामगाराची चूक’ असे लिहिलेले कागद मोजले, तर उत्तर दुसरे काय येणार?

अपघाताची माहिती कळवणे टाळता येणारे नव्हते. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ प्रमाणे इजा झालेला कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकणार नसेल, तर ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवावे लागे. ईएसआयसीला (कर्मचारी राज्य विमा महामंडळाला) वेगळा अपघात अहवाल जातो. मालकाचे म्हणणे असे की हाच दोन वाक्यांचा मजकूर दोन्हीकडे पाठवावा आणि विषय संपवावा. कलम १११ त्याला तोंडपाठ होते: कामगाराने सुरक्षेच्या साधनांशी छेडछाड करू नये, स्वतःला किंवा इतरांना धोका होईल असे वागू नये. त्याच कायद्यातले कलम ७-ए, यंत्रे आणि कामाची पद्धत सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकणारे, त्याने पहिल्यांदा ऐकले ते आमच्या बैठकीत.

पहिला निर्णय: प्रेस चालू करायचा का?

हा निर्णय मी पोचण्याआधीच झाला होता, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला तोच सर्वांत मोलाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल जायचा होता. सुपरवायझरने डाय धुऊन घेतली आणि दुसऱ्या ऑपरेटरला उभे राहायला सांगितले. तिथले डाय सेटर (प्रेसवर डाय बसवणारे), सगळे त्यांना काका म्हणतात, पुढे आले आणि त्यांनी मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात टाकले.

“साहेब, आज हा प्रेस नाही.”

“काका, माल कोण देणार? पार्टीचा फोन आला तर तुम्ही बोलणार का?”

“बोलेन की. पण आज नाही.”

काकांनी कारण सांगितले नाही, आणि सुपरवायझरनेही विचारले नाही. प्रेस मात्र जसा होता तसा राहिला. ब्रेक कोणी आवळला नाही, लॅचला कोणी ग्रीस लावले नाही. डाय धुतली गेली हे नुकसान होतेच, तरी शेजारच्या ऑपरेटरने धुण्याआधी मोबाइलवर काढलेले चार फोटो होते. त्यांत पंचाला चिकटलेला पीस स्पष्ट दिसत होता. काकांनी त्या रात्री फ्यूज काढले नसते, तर मेंटेनन्सवाल्याने सवयीप्रमाणे ब्रेक टाइट करून दिला असता आणि प्रेस पुन्हा का आला हे शोधायला काहीच उरले नसते.

दुसरा निर्णय: चौकशी शिक्षेसाठी की शोधासाठी?

चौकशीला चौघे ठरले: क्वालिटी मॅनेजर, मेंटेनन्सचा फिटर, पहिल्या शिफ्टच्या कामगारांनी सुचवलेला एक ऑपरेटर आणि मी. पहिल्या बैठकीला तीन जणांना बोलावले. तिघांनी तेच सांगितले, जे अहवालात होते. ठरवून आल्यासारखे तेच शब्द. ते खरे बोलत नाहीत हे उघड होते. का बोलत नाहीत तेही कळत होते: आदल्या वर्षी किरकोळ इजेच्या एका प्रकरणात जबाब दिलेल्या हेल्परला आठवड्याभरात कॉन्ट्रॅक्टरने ‘उद्यापासून येऊ नको’ सांगितले होते.

मी मालकाला म्हटले, या चौकशीत कोणी काय सांगितले यावरून कोणावरही कारवाई होणार नाही असे लिहून फलकावर लावा. तो तयार होईना. “मग शिस्त कुठे राहिली? उद्या कोणीही गार्ड काढेल आणि चौकशीत कबूल करून मोकळा होईल.”

त्याचा आक्षेप अगदीच फुका नव्हता. जाणूनबुजून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला मोकळे सोडावे असे कोणी म्हणत नाही. शेवटी मध्यम मार्ग निघाला. हमी याच एका चौकशीपुरती, मराठीत आणि हिंदीत, मालकाच्या सहीने, आणि कॉन्ट्रॅक्टरलाही लागू. गार्ड काढण्याबद्दलचे नियम पुढे स्वतंत्रपणे ठरवायचे. कागद लागला आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत एक जण फिटरशी बोलला. मग दुसरा. काका सगळ्यांच्या शेवटी आले.

काय सापडले

आधी पेडल. त्याच्यावर लोखंडी टोपी होती, म्हणजे वरून काही पडून दाबले जाण्याची शक्यता कमी. स्प्रिंग ठीक होती. पण खरा मुद्दा फिटरने काढला. या प्रेसला सिंगल स्ट्रोकची यंत्रणा आहे. ती नीट असेल तर पाय पेडलवर तसाच राहिला तरी प्रेस दुसरा स्ट्रोक मारत नाही. म्हणजे सुपरवायझरचे म्हणणे शंभर टक्के खरे धरले, पाय राहिला होता असे मानले, तरी दोष यंत्राचाच निघत होता. या एका वाक्याने बैठकीचा सूर बदलला.

मग डाय उतरवून, सगळ्यांना दूर उभे करून, लांब दांड्याने पेडल मारत प्रेस रिकामा चालवला. थंड असताना ठीक चालला. तासाभराने, गरम झाल्यावर, पेडल सोडलेले असतानाही त्याने डबल मारला, म्हणजे आपोआप दुसरा स्ट्रोक मारला. थोड्या वेळाने पुन्हा. उघडून पाहिले तर लॅचची कड झिजून गोल झाली होती आणि चावी कधीकधी तिच्यावरून घसरत होती. ब्रेकच्या लायनिंगमध्ये तेल मुरले होते, त्यामुळे क्रँक वर टिकत नव्हता. दोन्ही दोष जुने. दिवसातून हजारभर वेळा नीट आणि एखाद्या वेळी चुकीचे, अशा तऱ्हेचा हा बिघाड असतो. माणसाचा यंत्रावर विश्वास बसायला हजार वेळा पुरतात.

ब्रेकडाऊन रजिस्टरमध्ये या प्रेससमोर गेल्या काही महिन्यांत तीन ठिकाणी ‘डबल मारतो’ असे लिहिलेले होते. तिन्ही वेळा पुढे ‘ब्रेक टाइट केला, ओके’ आणि सही. हे कोणाच्या नजरेत का आले नाही? रजिस्टर तारखेप्रमाणे लिहिले जाते, प्रेसप्रमाणे नाही. तीन नोंदींच्या मध्ये इतर यंत्रांच्या शेकडो ओळी. व्यवस्थापनाकडे दरमहा जायचा तो तक्ता वाया गेलेल्या वेळेचा. ब्रेक टाइट करायला पंधरा मिनिटे लागतात, तेव्हा हा बिघाड त्या तक्त्यात कधी वरच्या दहांतही आला नाही. सर्वांत जास्त वेळ एका कंप्रेसरने खाल्ला होता आणि सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे होते.

आता दुसरी बाजू: हात तिथे गेलाच का? पीस पंचाला चिकटून वर जाऊ नये म्हणून डायमध्ये स्ट्रिपर असतो. त्याच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या होत्या, त्यामुळे पीस वरचेवर चिकटायचा. ऑपरेटरना चिमटे दिलेले होते. ते खिळ्याला टांगलेले आणि गंजलेले मिळाले. मी स्वतः चिमट्याने तो तेलकट, बोटभर पीस काढून पाहिला. तो निसटतो. चिमट्याने ठरलेले टार्गेट गाठणे शक्य नव्हते, आणि कॉन्ट्रॅक्टर जास्तीच्या पिसांवर वर पैसे देत होता. या डायसाठी केलेला जाळीचा गार्ड रॅकच्या मागे पडलेला होता. वर्षभरापूर्वी डायची उंची बदलली तेव्हापासून तो बसत नव्हता. उंची बदलण्याचा कागद टूल रूममधून निघाला, क्वालिटीत गेला, पास झाला. गार्डचे काय, हा रकानाच त्या कागदावर नव्हता.

ऑपरेटरला भेटायला मी आणि क्वालिटी मॅनेजर त्याच्या दिघ्याच्या खोलीवर गेलो. हात बांधलेला. आईने चहा ठेवला. तो मॅनेजरकडे न बघता माझ्याशी बोलत होता.

“सर, पाय उचललेला होता. पण सगळे म्हणतायत म्हणजे राहिलाच असेल, असं मलाही वाटायला लागलंय.”

“हा प्रेस आधी कधी डबल मारायचा?”

“गरम झाला की मारतो. काकांना ठाऊक आहे. आम्ही नवीन पोराला पहिल्याच दिवशी सांगतो, जेवणानंतर या प्रेसवर जपून.”

म्हणजे बिघाड सगळ्यांना माहीत होता. नव्या मुलाला तोंडी प्रशिक्षणात तो शिकवला जात होता. फक्त ज्याच्या सहीने प्रेस बंद झाला असता, त्याच्यापर्यंत तो पोचलेला नव्हता. काकांनी पुढे सांगितले की त्यांनी दोनदा सुपरवायझरला म्हटले होते. सुपरवायझरने मेंटेनन्सला सांगितले होते. मेंटेनन्सने ब्रेक टाइट केला होता. प्रत्येकाने आपले काम केले होते.

सलग ‘का, का’ विचारत मुळाशी जाण्याची टोयोटाची पद्धत आम्ही वापरली, पण एकाच साखळीने नाही. एकच साखळी धरली की ती ज्याने सुरू केली त्याच्या मनातल्या उत्तरावर जाऊन थांबते. आम्ही सुरुवातीलाच दोन फांद्या केल्या: रॅम का आला, आणि हात तिथे का होता. पहिली लॅच, रजिस्टर आणि दरमहाच्या तक्त्यापर्यंत गेली. दुसरी स्ट्रिपर, डाय बदलाचा कागद आणि पिसांमागच्या पैशांपर्यंत.

पर्याय

मालकाला सर्वांत आवडलेला पर्याय लाइट कर्टन होता. समोर प्रकाशकिरणांचा पडदा, हात आत गेला की प्रेस थांबतो. त्याच्या एका मित्राच्या महापेच्या कारखान्यात बसवला होता आणि छान दिसत होता. पण पडद्याने सिग्नल दिला तरी की-क्लचचा प्रेस थांबणार कसा? मित्राचे प्रेस न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचचे होते. ते मध्येच थांबतात. इथे पडदा लावला असता तर हिरवा दिवा बघून माणसे आणखी बिनधास्त हात घालू लागली असती. काही न करण्यापेक्षाही हे वाईट. सेन्सर विकायला आलेल्या माणसाने क्लच कोणता हे विचारलेच नव्हते.

दुसरा पर्याय दोन हातांच्या बटणांचा. दोन्ही हात बटणांवर असतील तर डायमध्ये नसतील, हे पटण्यासारखे वाटते. फळ्यावर हिशोब मांडला. हाताचा वेग सेकंदाला सुमारे १.६ मीटर धरतात. प्रेस मिनिटाला ६० स्ट्रोकचा, म्हणजे एका फेरीला एक सेकंद. क्लचला चावी बसायची जागा एकच. बटण दाबल्यावर ती जागा येईपर्यंत वाईटात वाईट एक फेरी, मग खाली यायला अर्धी: दीड सेकंद. तेवढ्यात हात २.४ मीटर जातो. म्हणजे बटणे डायपासून २.४ मीटरवर हवीत. ऑपरेटर ब्लँक ठेवून दर वेळी आठ फूट मागे जाणार का? शिवाय डबल मारणाऱ्या प्रेसपुढे बटणांचा काहीच उपयोग नाही, कारण दुसरा स्ट्रोक कोणी मागितलेलाच नसतो.

तिसरा पर्याय सगळ्या प्रेसना न्यूमॅटिक क्लच-ब्रेक बसवण्याचा. तांत्रिकदृष्ट्या उत्तम. मोठ्या प्रेसना शोभणारा, दहा टनी प्रेसला मात्र प्रेसच्या किमतीच्या जवळ जाणारा. चौथा, प्रत्येक डायला बंद गार्ड आणि हात आत न घालता ब्लँक सरकवण्याची सोय. हा स्वस्त आणि की-क्लचलाही चालणारा, कारण प्रेस कितीही वेळा आला तरी बोटच आत जाऊ शकत नाही. त्रास एवढाच की डाय शंभरावर होत्या आणि प्रत्येकीसाठी डोके चालवावे लागणार होते.

सूचना फलक, शपथ, प्रशिक्षण हाही पर्याय मांडला गेला, बहुधा राहून गेला असे नको म्हणून. त्यावर दोन मिनिटेही गेली नाहीत.

कारवाई

ठरले ते मिश्रण होते. दोन मोठ्या प्रेसना न्यूमॅटिक क्लच आणि त्यानंतर लाइट कर्टन. बाकी सगळ्यांना बंद गार्ड. ज्या डायला गार्ड नाही ती डाय चढवायची नाही. याचा अर्थ पहिले काही आठवडे निम्म्याहून जास्त डाय बंद. पार्टीचे फोन आले, एक ऑर्डर गेली. मालक इथे डगमगेल असे मला वाटले होते. तो डगमगला नाही, आणि त्यामागे भीतीचाही भाग होता हे त्यानेच नंतर कबूल केले: निरीक्षक येऊन गेले होते आणि त्यांनी यंत्रांना कुंपण घालण्याबद्दलच्या कलम २१ वर बोट ठेवून लेखी खुलासा मागितला होता.

त्या ब्रॅकेटच्या डायला नवा स्ट्रिपर, पीस उडवायला हवेचा झोत आणि ब्लँक ठेवायला बाहेर ओढता येणारी सरकती पाटी केली. पाटी काकांची कल्पना. बाहेर ओढायची, ब्लँक ठेवायचा, आत ढकलायची. पाटी पूर्ण आत गेल्याशिवाय पेडल मोकळे होत नाही.

शिफ्ट सुरू होताना आणि जेवणानंतर, म्हणजे प्रेस गरम असताना, सेटरने रिकामे स्ट्रोक मारून ब्रेक आणि लॅच तपासायची. एकदाही डबल मारला तर मेन स्विचला कुलूप आणि लाल टॅग. कुलूप उघडायला सेटर आणि मेंटेनन्स दोघांच्या सह्या हव्यात, आणि ‘ब्रेक टाइट केला’ हे उत्तर चालणार नाही. काय झिजले, काय बदलले ते लिहायचे. टॅग लावायला कोणाची परवानगी लागणार नाही, कॉन्ट्रॅक्टरच्या नव्या हेल्परलाही लावता येईल. या शेवटच्या कलमावर सर्वांत जास्त वाद झाला. सुपरवायझरला वाटत होते की कंटाळा आला की पोरे टॅग लावतील.

रजिस्टर प्रेसप्रमाणे झाले. प्रत्येक प्रेसचे एक पान, त्याच्याच खांबाला अडकवलेले. डाय बदलाच्या कागदावर गार्डचा रकाना आला. पिसांमागचे जास्तीचे पैसे बंद करून तेवढी रक्कम ठरावीक भत्त्यात घालायला कॉन्ट्रॅक्टर बऱ्याच घासाघिशीनंतर तयार झाला.

संचालनालयाला पाठवलेला पहिला मजकूर मागे घेता येत नव्हता. चौकशीचा अहवाल जोडून सुधारित माहिती पाठवली.

परिणाम

पहिल्या दोन महिन्यांत लाल टॅगचा सडा पडला. मालकाने मला फोन करून विचारले, “हे सगळे प्रेस एकदम कसे बिघडले?” ते आधीपासून बिघडलेलेच होते. दोन प्रेसच्या लॅच या पन्नास टनीपेक्षाही वाईट निघाल्या. सुपरवायझरची भीती काही अंशी खरी ठरली, दोन-तीन टॅग खरोखर विनाकारण लागले. त्यांचा खर्च प्रत्येकी दहा मिनिटे. मग टॅग कमी होत गेले.

सगळे सुरळीत झाले असे नाही. एका रात्री डायची ट्रायल घेताना गार्ड उघडा ठेवून प्रेस चालवलेला सापडला. चौकशीत कळले की नव्या डायचा गार्ड ट्रायलनंतर बनतो, मग ट्रायल गार्डशिवायच होणार. नियम करताना हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. आता ट्रायल फक्त सेटर घेतो, आणि फ्लायव्हील हाताने फिरवून.

त्यानंतर आजवर प्रेस शॉपमध्ये बोट गेलेले नाही. यावरून फार काही सिद्ध होत नाही, कारण आधीही अशी वर्षे गेली होती. मला खात्री वाटते ती खांबाला अडकवलेली पाने वाचून. तिथे झिजलेल्या लॅचची नोंद अपघाताआधी होते.

ऑपरेटरला कामावर येता येत नव्हते तोवर ईएसआयसीकडून तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, सरासरी मजुरीच्या ९० टक्के, मिळाला. कायमच्या अपंगत्वाचे प्रमाण वैद्यकीय मंडळ ठरवते. कायद्याच्या अनुसूचीत तर्जनीची दोन पेरे म्हणजे कमाईच्या क्षमतेत ११ टक्के घट आणि मधल्या बोटाचे एक पेर म्हणजे ७ टक्के. तो आता स्टोअरमध्ये आहे, कंपनीच्या रोलवर. हे मालकाने स्वतःहून केले. त्याला क्वालिटीत घ्यायचे होते, पण मायक्रोमीटर धरताना त्याला त्रास होतो. प्रेसवर मिळायचे तेवढे पैसे स्टोअरमध्ये मिळत नाहीत.

वेगळे काय करता आले असते

ऑपरेटरशी आम्ही फार उशिरा बोललो. तोवर त्याच्या आठवणीवर इतरांचे बोलणे चढले होते. ‘राहिलाच असेल असं मलाही वाटायला लागलंय’ हे त्याचेच वाक्य त्याचा पुरावा. डॉक्टरांनी परवानगी देताच, शक्य तर दुसऱ्याच दिवशी, दबाव न आणता त्याच्याकडून ऐकून घ्यायला हवे होते.

कॉन्ट्रॅक्टरला चौकशीत घेतले नाही ही दुसरी त्रुटी. हमीचा कागद त्याला लागू केला, पण तो टेबलावर नव्हता. त्यामुळे पैशांची बोलणी नंतर वेगळी करावी लागली आणि त्यात दोन महिने गेले. त्या काळात गार्ड बसले होते आणि पिसांमागचे पैसेही चालू होते, हा विचित्र आणि धोक्याचा काळ होता.

संचालनालयाला पहिली माहिती देताना ‘कारणाचा तपास चालू आहे’ एवढेच लिहिता आले असते. वेळेत कळवणे बंधनकारक आहे. त्याच घाईत कारणही ठोकून देण्याची गरज नसते.

प्रथमोपचाराची पेटी होती, पण तुटलेला अवयव कसा न्यायचा हे माहीत असलेला माणूस दुसऱ्या शिफ्टला नव्हता. आता प्रत्येक शिफ्टला दोघे आहेत आणि पेटीत गॉजबरोबर बंद होणाऱ्या पिशव्या आहेत.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. न्यूमॅटिक क्लच परवडणार नाही आणि दुरुस्तीही परवडणार नाही अशा अवस्थेतले दोन जुने प्रेस विकायला काढले आहेत. चालू यंत्र म्हणून विकले तर चांगली किंमत येते, भंगारात दिले तर वजनावर. चालू म्हणून गेले तर ते कुठल्यातरी गाळ्यात, गार्डशिवाय, पुन्हा पेडलवर चालणार. आपल्याकडचा तो पन्नास टनीही असाच आला होता. क्रँक कापून मगच भंगारवाल्याला द्यावे असे चौकशी गटाने लिहून दिले आहे. मालकाने अजून सही केलेली नाही. दोन्ही प्रेस कुलूप लावून मागच्या शेडमध्ये उभे आहेत आणि गिऱ्हाईक दर आठवड्याला फोन करते.